तिसऱ्या भोंग्यानंतरचा चहा

ज्या माणसाने आयुष्यभर लोकांची घरे पाडली, त्याला त्याच लोकांनी मामा म्हणावे, ही गोष्ट ऐकणाऱ्याला पटत नाही. पण तसे होते खरे. राज्य सरकारच्या अतिक्रमण हटाव पथकात तो पोकलेन चालवीत असे. हजेरीपटावरचे त्याचे नाव कार्यालयातल्या लोकांनाही चटकन आठवत नसे. वस्त्यावस्त्यांतून तो भोंगेमामा म्हणून ओळखला जाई, आणि पुढे पथकातली माणसेही त्याला त्याच नावाने हाक मारू लागली.

मूळचा तो खेड्यातला. बाप दगड फोडायचा. मुलाने घणाऐवजी यंत्र धरले, एवढीच एका पिढीची मजल. आधी कालव्यावर, मग धरणाच्या भरावावर माती उपसता उपसता त्याचा हात असा बसला की बकेटच्या दातांनी तो जमिनीवरची काडेपेटी न चेपता उचलून दाखवी. मग शहर आले, सरकारी नोकरी आली, राहायला क्वार्टर मिळाली, आणि माती उपसणारा हात घरांवर चालू लागला. मातीला तोंड नसते. घरांना असते, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळले.

पथकाचे काम म्हणजे रोजची लढाई. सकाळी पोलिसांचे कडे पडे आणि आरडाओरडा सुरू होई. कोणी यंत्राच्या साखळ्यांपुढे आडवे होई, कोणी अंगावर रॉकेल ओतून हातात काडी धरून उभे राही. दगड तर येतच. केबिनची पुढची काच इतक्यांदा फुटली की शेवटी तिथे जाळी बसवली. एकदा एका शिपायाची काठी एका मास्तराच्या गळ्याच्या हाडावर उतरली, तो आवाज मामाला इंजिनच्या धडधडीतूनही ऐकू आला होता. एकदा एका बाईने स्वतःच्या दाराची कडी उपटून पथकाच्या मुकादमाच्या डोळ्यावर मारली. मुकादमाचा तो डोळा तेव्हापासून कायम पाण्याने डबडबलेला असे. मामा हे सारे उंचावरून, जाळीआडून बघे. ऑपरेटरने खाली उतरायचे नाही, असा पथकाचा दंडक होता.

भोंग्याचे सुरू झाले ते वीटभट्टीमागच्या वस्तीत. घर रिकामे आहे असे सांगितले गेले, मामाने भिंत ओढली, आणि धुरळा खाली बसला तेव्हा आत खाटेवर एक म्हातारा ताठ बसलेला दिसला. चुन्याने पांढराफटक. झोपेतून उठवलेल्या माणसाने बघावे तसा तो मामाकडे बघत होता. मग वरचा वासा सुटला आणि त्याच्या मांडीवर आला. म्हातारा जगला, पण पुन्हा चालला नाही. त्या वेळचा अधिकारी खालून ओरडला होता, "चालू ठेव, चालू ठेव!" आणि मामाने चालू ठेवले होते.

दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक घरापुढे यंत्र उभे करून तीन लांबलचक भोंगे देऊ लागला. नियमात असे काही नव्हते. तिसरा भोंगा संपला की तो इंजिन मंद करी, सीटमागचा थर्मास काढी, त्याच्या झाकणात चहा ओती आणि तो पिऊन होईपर्यंत लिव्हरला हात लावत नसे.

लोकांनी ही खूण ओळखायला वेळ लावला नाही. मामा चहा पितोय तोवर घर आपले. तेवढ्यात दाराची चौकट निघे, नळाची तोटी निघे, भिंतीतले खिळेसुद्धा उपटले जात. शिव्या देणारे शेजारी एकमेकांचे पलंग उचलू लागत. घर जात असतानाही माणसाला विनोद सुचतोच.

"मामा, फुंकून फुंकून प्या हो! जीभ भाजेल!"

"मामा, कपाट जड आहे. आणखी अर्धा घ्या!"

एक म्हातारी तर एकदा साखरेचा डबा घेऊन यंत्राखाली आली. "बिनसाखरेचा पितोस म्हणून लवकर संपतो रे मेल्या! घे, ढवळत बस."

मुकादम करवादे. "मामा, तुमच्या एका कपापायी सगळं पथक उन्हात तळतंय."

"चहा गरम आहे हो," मामा म्हणे. "माझा काय इलाज?"

सरकारने त्या लोकांना आजवर जे जे सांगितले ते सारे खोटे निघाले होते. नोटिशीतली तारीख खोटी असे, पर्यायी जागेचे आश्वासन खोटे असे, कार्यालयाच्या खिडकीवरचे 'उद्या या' तर खोट्यातले खोटे. कुंपणच शेत खात होते, तिथे दाद कोणाकडे मागणार? पण त्या सगळ्या सरकारात एक गोष्ट लोक डोळे मिटून खरी मानत: भोंगा झाल्याशिवाय बकेट लागत नाही. मामाला हे ठाऊक होते, आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. तो घरात बोलून दाखवला की बायको भाकरी थापता थापता म्हणे, "गळा कापण्याआधी सुरी धुऊन घेतली, म्हणून कसाई वैद्य होत नाही."

आणि थर्मास रोज सकाळी तीच भरून देत होती.

नाल्याकाठच्या वस्तीवर पथक गेले तो दिवस कडक उन्हाचा होता. पथकाला नवे साहेब आले होते. तरुण, पांढऱ्या सदऱ्यातले, आवाज कधीही न चढवणारे. पहिल्या ओळीतली घरे बऱ्यापैकी रिकामी झाली होती. सामान रस्त्यावर आले होते. मामाने पहिल्या दारापुढे यंत्र उभे केले आणि त्याचा हात भोंग्याच्या बटणाकडे गेला. तेवढ्यात साहेब स्वतः पायरीवर चढून केबिनच्या दारात आले.

"मामा, आज भोंगा नको."

"का साहेब?"

"कोर्टातून स्थगितीचा कागद निघालाय. वस्तीचा वकील तो घेऊन येतोय. तो पोचायच्या आत ही ओळ खाली आली पाहिजे. तुम्ही भोंगे देणार, चहा पिणार, तोवर तो दारात उभा राहील."

"पण आत कोणी असलं तर?"

"मी बघितलंय. रिकामं आहे सगळं."

साहेबांनी बघितले होते ते जीपमधून, हे मामाला दिसले होते. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हळुवार थोपटले आणि ते उतरले. मामाचा हात बटणावरून लिव्हरवर आला. इतक्या वर्षांत असा प्रसंग आला नव्हता, आणि आला तेव्हा हाताने आधी हुकूम मानला. मनाला विचार करायला वेळच उरला नाही.

पहिले घर इस्त्रीवालीचे होते. तिचे सामान बाहेर आले होते, तिच्या भावाने इस्त्रीचे टेबलही उचलून आणले होते. हा भाऊ वेल्डर. त्याने तिला हटकले होते, हे पुढे सर्वांना कळले. "आता कुठे आत चाललीस?"

"लोकांचे कपडे राहिलेत, गठ्ठा. माझं गेलं तर गेलं, दुसऱ्याच्या कपड्यांचा जाब मी काय देऊ? इस्त्रीही आतच आहे, निखारे धरलेली."

"अगं, यंत्र दारात आलंय!"

"मामाचा भोंगा कुठे झालाय अजून?" असे म्हणून ती आत गेली.

भिंत आधी थोडी मागे झुकली, मग पुढे आली. पत्रा वाकला, किंचाळला, आणि सगळे एकदम खाली बसले. मामाने बकेट दुसऱ्यांदा टाकायला उचलली आणि त्याला धुरळ्यातून काहीतरी लाल येताना दिसले. निखारे होते ते. फुटक्या इस्त्रीतून सांडलेले निखारे घरंगळत साखळीपर्यंत आले. मग पांढऱ्या कपड्यांचा गठ्ठा पेटला. त्या उजेडात विटांखालून निघालेला एक हात दिसला. त्याची बोटे कपड्याची गाठ धरून होती.

मामाने इंजिन बंद केले आणि पथकाचा दंडक मोडून तो खाली उतरू लागला. तो जमिनीला पोचलाच नाही. वेल्डरने त्याचा पाय धरून त्याला पायरीवरून खेचले आणि हातातला मोठा पाना त्याच्या तोंडावर घातला. पहिल्या घावात दात गेले. दुसऱ्यात जबडा. तिसरा घाव खांद्यावर बसला, कारण तोवर पोलीस धावले होते. त्यांनी वेल्डरला साखळीला रेटून इतके बडवले की त्याच्या ओरडण्याचे नुसते हुंकार झाले. लोकांनी पोलिसांवर विटा फेकल्या, त्याच घराच्या विटा. एका शिपायाचे डोके फुटले. मग अश्रुधूर, पळापळ, पायाखाली आलेली भांडी, आणि त्या गदारोळात साहेबांची जीप केव्हा निघून गेली ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

मुकादमाने दुसऱ्या यंत्राने उरलेली ओळ पाडली. वकील कागद घेऊन पोचला तेव्हा स्थगिती द्यायला काही उभेच नव्हते. इस्त्रीवालीला ओढून काढले ते त्यानंतर.

मामाच्या जबड्याला तारा बांधल्या गेल्या. वरचे आणि खालचे दात एकमेकांना जखडलेले. नळीने पातळ पेज घ्यायची आणि गप्प पडून राहायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो त्याने असा अक्षरशः भोगला. साहेब भेटायला आले ते फळे घेऊन. चावता न येणाऱ्या माणसासाठी फळे. सोबत टाईप केलेला जबाब होता. सवयीप्रमाणे तीन वेळा भोंगा दिला, तरीही मयत बाई आत शिरली, असे त्यात होते.

मामाने मान हलवली. नाही.

"हे तुमच्याच भल्यासाठी आहे, मामा," साहेब नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले. "भोंगा झाला असेल तर तो अपघात. झाला नसेल तर तो गुन्हा. आणि लिव्हरवर हात माझा नव्हता."

बायको पलंगाशी उभी होती. मामाने सही केली.

त्या एका सहीने पुष्कळ कामे केली. सरकारने निवेदन काढले. मयत बाई स्वतःच्या हट्टापायी गेली, असे ठरले. वेल्डर कर्तव्यदक्ष सरकारी नोकराचा खून करू पाहणारा ठरला आणि तुरुंगात गेला. वर्तमानपत्रांनी भोंगेमामाच्या चहाची हकिकत छापली. शहरातले लोक ती वाचून म्हणू लागले की, एवढा नेमाचा माणूस भोंगा दिल्याशिवाय कसा राहील? सरकारवर ज्यांचा कवडीचा भरवसा नव्हता, ते मामाच्या भरवशावर सरकारला खरे मानू लागले.

साखरेचा डबा घेऊन आलेली ती म्हातारी एके दुपारी रुग्णालयात आली. तिच्या कपाळावर टाके होते. आधीचे घर गेल्यावर ती नाल्याकाठी राहायला आली होती. तिचे घर त्या दिवशी त्याच ओळीत गेले होते.

"मामा," ती पलंगाच्या कडेवर बसत म्हणाली, "भांडायला नाही आले. एवढंच विचारायला आले. तू भोंगा दिला होतास ना?"

मामा तिच्याकडे बघत राहिला.

"मी तिथंच होते, दाराशी. मला काही ऐकू आलं नाही. शेजारणीलाही नाही. पण पेपरात आलंय, तुझी सही आहे म्हणतात. आता शेजारीण म्हणते, आवाज झाला असेल, गलक्यात आपल्याला कळला नसेल. मलाही वाटायला लागलंय, आपलेच कान गेले की काय. रात्री झोप लागत नाही रे. झाला असेल, तर मी त्या पोरीला हाक मारून थांबवायला हवी होती, असं होतं. नुसती मान हलव, बाळा. हो की नाही."

तारांमागे मामाची जीभ हलली. मान हलली नाही. म्हातारीने त्याच्या पायावरची चादर सारखी केली आणि भिंतीला धरत धरत निघून गेली. मामाला तिच्या टाक्यांपेक्षा तिचा स्वतःच्या कानांवरचा अविश्वास सोसवेना. घरे पाडताना त्याने लोकांच्या भिंती घेतल्या होत्या, छपरे घेतली होती. ऐकलेले-पाहिलेले कोणाकडून हिसकावून घेतल्याचे त्याला आठवत नव्हते.

पुढे वस्त्यांनी मोर्चा काढला, त्यावर गोळी चालली, त्यात माणसे पडली, आणि तेव्हा कुठे सरकारने चौकशी आयोग नेमला. एक निवृत्त न्यायमूर्ती त्याचे प्रमुख. तोवर मामाच्या तारा निघाल्या होत्या. जबडा वाकडा जुळला होता. शब्द तोंडात खडे घोळवत यावेत तसे येत. आयोगाचे बोलावणे त्यालाही आले. भोंगा झाला की नाही हाच सगळ्या चौकशीचा कणा होता, आणि त्याचे उत्तर एकाच माणसाच्या तोंडात होते.

मामाने गॅरेजात मुकादमाला सांगितले, "मी खरं ते सांगणार."

मुकादमाने गॅरेजचे शटर खाली ओढले. वर्षानुवर्षे एका डब्यातून जेवलेली माणसे ती. त्याने मामाला यंत्राच्या साखळीवर ढकलले आणि पोटात लाथ घातली.

"तुझ्या तोंडाला तारा होत्या तेच बरं होतं! कोणाकोणाला खाणार आहेस? दुसऱ्या यंत्रानं ओळ मी पाडली. स्थगिती येतेय हे मलाही ठाऊक होतं. साहेब सुटेल. उंदराला मांजर साक्ष. अडकू आपण. पाण्यात राहून माशाशी वैर धरतोस?"

"ती बाई—"

"ती गेली! तुझ्या सांगण्यानं उठून बसणार आहे?" मुकादमाने टायर काढायची पहार उचलली आणि मामाचा उजवा पंजा लोखंडावर धरून त्यावर घातली. लिव्हर धरणारी बोटे होती ती. मामा ओरडला तेव्हा वाकड्या जबड्यातून विचित्र, लांब आवाज निघाला. मुकादम दचकून मागे सरला. त्याच्या डबडबलेल्या डोळ्यातून पाणी गालावर आले. नेहमीचे की निराळे, सांगता येणार नाही. "आता तरी गप्प राहा रे मामा," तो जवळजवळ रडत म्हणाला आणि त्याने शटर वर केले.

घरी बायकोने पंजा गार पाण्यात धरला. कोणी मारले असे तिने विचारले नाही.

"बोलणार आहात तर?"

"हो."

"नोकरी जाईल. तुरुंगही होईल. क्वार्टर तर जाईलच."

"हो."

ती उठली आणि फळीवरचे डबे खाली काढू लागली. "मग मी आजच आवरायला घेते. तुमच्या खात्याचा काय भरवसा? सांगून थोडेच येतील."

आयोगाचे काम एका जुन्या दिवाणखान्यासारख्या सभागृहात चाले. उंच खिडक्या, करकरणारे पंखे. पुढच्या रांगेत साहेब बसले होते. भिंतीकडेला दोन शिपायांमध्ये वेल्डर, हातात बेड्या. साखरेच्या डब्याची म्हातारी दाराजवळ. खात्याचा वकील उठला, आणि त्याने मामाचे आधी भरपूर कौतुक केले.

"इतकी वर्षं आपण प्रत्येक घरापुढे भोंगा दिलात. कोणी सांगितलं नसताना. खरं?"

"खरं."

"कधीच चुकला नाहीत?"

"त्या दिवसापर्यंत नाही."

"म्हणजे सवय हाडीमासी भिनलेली. मग त्या दिवशीही हात आपोआप गेलाच असणार. मार लागला, शुद्ध हरपली, म्हणून आठवत नसेल. असंच ना?"

"वकीलसाहेब, जेवताना तुमचा हात तोंडाकडे जातो," मामा एकेक शब्द जुळवत म्हणाला. "मध्येच कोणी थांब म्हटलं आणि तुम्ही उपाशी उठलात, तर ते विसराल का?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायमूर्तींनी मान वर केली. "थांब कोण म्हणालं?"

मामाने बँडेज बांधलेला पंजा साहेबांकडे केला. "साहेब म्हणाले. स्थगिती येतेय, भोंगा नको, म्हणाले. घर रिकामं आहे, मी बघितलंय, म्हणाले. त्यांनी जीपमधून बघितलं होतं आणि ते मला दिसलं होतं."

"तुम्हाला कोणी जबरदस्ती केली? हात धरला?"

इथे एक पळवाट होती. वकिलाने, साहेबांनी, न्यायमूर्तींनीही ती त्याच्यासाठी उघडी ठेवल्यासारखी झाली. मामाने तिच्याकडे बघितले आणि मान हलवली.

"नाही. माझा मीच आवरला. हुकूम साहेबांचा, हात माझा. दोन्ही लिहून घ्या. त्या बाईची काही चूक नव्हती. भोंगा झाला नव्हता." मग तो दाराकडे वळून, आयोगाला सोडून, त्या म्हातारीला म्हणाला, "तुमचे कान ठीक आहेत, आजी."

पुढचे क्षणात घडले. वेल्डर शिपायांना हिसडा देऊन बाकांवरून झेपावला आणि बेड्यांसकट दोन्ही मुठी त्याने मामाच्या कपाळावर आदळल्या. "मग हे तेव्हा का नाही बोललास?" तो ओरडत होता. "तेव्हा का नाही बोललास, मेल्या! ती तुझ्या भरवशावर आत गेली! तुझ्या!" शिपायांनी त्याला खाली पाडून न्यायमूर्तींच्या देखत बुटांनी तुडवले. मामा डोळ्यांत उतरलेले रक्त पुसत "मारू नका त्याला, मारू नका" असे म्हणत होता. पण वाकड्या तोंडातले ते शब्द कोणाला कळले नाहीत, की कळूनही कोणी ऐकले नाहीत. साहेब सदऱ्यावर रक्ताचा शिंतोडा उडाला का ते वाकून बघत होते.

अहवाल यथावकाश विधिमंडळात ठेवला गेला. भोंगा झाला नव्हता आणि मयत बाई निर्दोष होती, हे त्यात स्पष्ट लिहिले होते. तेवढे एक वाक्य त्या अहवालात खरे होते, आणि त्यासाठी जी किंमत पडली ती पडली. ऑपरेटर बडतर्फ, त्याच्यावर खटला. साहेबांच्या तोंडी हुकुमाला पुरावा नाही. त्यांची बदली झाली, ती आधीपेक्षा मोठ्या खुर्चीवर. वेल्डरला जामीन मिळाला. आणि सरकारने परिपत्रक काढले: यापुढे प्रत्येक बांधकाम पाडण्यापूर्वी तीन वेळा भोंगा देणे बंधनकारक राहील. चहाचे त्यात काही नव्हते.

क्वार्टर सोडताना बायकोची भांडी आधीच बांधलेली होती. त्यांना खोली मिळाली ती वीटभट्टीमागच्या वस्तीत, जिथे मामाने कधीकाळी घरे पाडली होती आणि लोकांनी ती पुन्हा उभी केली होती. घर फिरले की घराचे वासेही फिरतात. पण इथले वासे पूर्वीच एकदा फिरून झाले होते, म्हणून असेल, त्याला कोणी हाकलले नाही. कोणी मामाही म्हटले नाही. तारखेला कोर्टात जावे, आखडलेल्या बोटांनी जमेल ते काम करावे, असे दिवस चालले.

एके दुपारी गल्लीच्या टोकाला साखळ्यांचा कुरकुरता आवाज आला. पथक आले होते. नवा ऑपरेटर, नवे साहेब. मग भोंगा झाला. एक. दोन. तीन.

मामा चुलीजवळ बसला होता. तिसऱ्या भोंग्याबरोबर त्याच्या हाताने आपसूक थर्मासचे झाकण काढले आणि चहा ओतला. कप ओठाला लागायच्या आत भिंत कोसळल्याचा आवाज आला, आणि त्यामागून माणसांचा.

कप तसाच टाकून तो गल्लीत धावला. काही लोक दगड घेऊन उभे होते. भोंगा म्हणजे आता त्यांना हल्ल्याची इशारत होती. काही मात्र अजूनही आत होते. ते चौकटी उपटत होते, तोट्या सोडवत होते, कारण भोंगा झाला म्हणजे थोडा वेळ असतो, हे त्यांच्या आईबापांनी त्यांना सांगितले होते. मामा प्रत्येक दारावर तळवा आपटत निघाला. "बाहेर या! सामान राहू द्या, बाहेर या!" वाकड्या जबड्यातून तो लांब, बेसूर आवाज निघत होता. पथकावर भिरकावलेला एक दगड त्याच्या कानशिलावर लागला. तो गुडघ्यावर आला, उठला आणि पुढच्या दाराकडे गेला.

त्या दारात एक बाई दोन्ही हातांत पत्र्याची पेटी धरून उभी होती. आत आणखी सामान दिसत होते. तिने त्याला ओळखले. जुन्या सवयीने तिच्या तोंडून शब्द निघून गेले.

"मामा, तिसरा झाला ना? मग किती वेळ आहे आता?"

मामाने मागे वळून बघितले. जाळीमागचा ऑपरेटर पोरसवदा होता. त्याचा चेहरा दिसत नव्हता. बकेट वर चाललेली होती.

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि त्याने पेटी तिच्या हातांतून हिसकून बाहेर फेकली. "चल."